तुडुमाची डाट

"पुन्हा एकदा सांगा बाबा. अगदी पहिल्यापासून."

मंगरूने गोळी पाण्याबरोबर गिळली आणि तो भिंतीला टेकून बसला. समोर लेक बसली होती, हर्षा. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत ती उंदरांच्या मेंदूत भीती कशी रुजते आणि कशी विझते याचा अभ्यास करायची. आता सुट्टी काढून तुमसरला आली होती ती बापाची भीती विझवायला.

"पाण्याची पाळी आपली होती," मंगरू सांगू लागला. "मी तुडुमाजवळ गेलो. खाचेत हात घातला, डाट ओढली. सुगत खाली पाण्यात पवत होता, मले दिसला नाही. पाणी सुटलं न् पोराले घेऊन गेलं."

तुडूम म्हणजे दिघोरीच्या तलावाचं जुनं दगडी दार. आतली लाकडी डाट उपसली की पाणी धानाच्या बांध्यांत सुटायचं. त्या दिवशी त्या पाण्याने हर्षाचा थोरला भाऊ सुगत नेला. ती तेव्हा सहा वर्षांची होती, पण तिलाही ते लख्ख दिसायचं. दगडाच्या खाचेत खांद्यापर्यंत शिरलेला बाबांचा हात आणि चिंब भिजलेली बाही.

त्यानंतर मंगरूने गाव सोडलं आणि तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हमाली धरली. पुन्हा दिघोरीचं तोंड पाहिलं नाही, लेकीलाही पाहू दिलं नाही. लहानपणी हर्षा झोपेतून किंचाळत उठायची, तेव्हा तो तिला मांडीवर घेऊन हीच गोष्ट सांगत बसायचा. आई, पार्वताबाई, चिडायची. लेकराले तेच ते कायले सांगता, म्हणायची. बापाला आपलं पाप कुठेतरी ओकून टाकायचं असणार, असं हर्षाला आता वाटे आणि तिचा जीव तुटे.

पार्वताबाई मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून मंगरू ताटावरून अर्धपोटी उठायचा. सुगतचं नाव निघालं की अंगणात जाऊन उगाच झाडू मारायचा. एक दिवस हा माणूस असाच दोषाचं ओझं घेऊन जाईल, ही हर्षाची धास्ती होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांना विचारूनच तिने ही गोळी सुरू केली होती.

"गोळी घेऊन तेच तेच सांगून काय होते बाई?" मंगरूने विचारलं.

"आठवण वर काढली ना बाबा, की ती थोडा वेळ नरम पडते. मग मेंदू नवी प्रथिनं बनवून तिला पुन्हा पक्की करतो. त्या मधल्या वेळात या गोळीने तिच्यातली भीती कमी करता येते."

"म्हंजे चिखलणी केलेल्या बांधीवाणी. तवा जे रोवलं, तेच उभं राहते."

"अगदी तसंच."

मंगरू लेकीकडे बराच वेळ पाहत राहिला. "न् जुनं? ते जाते का पुरं?"

"नाही. खाली दबून राहतं. कधी कधी त्याच जागेवर गेलं की वर येतं."

त्याने मान खाली घातली.

त्याच्या मनगटाला तिने नाडी मोजणारा पट्टा बांधला होता. गोष्ट सांगताना त्यावरचा आकडा जागचा हलला नाही. गोळी लागू पडली म्हणून हर्षा हरखली. पट्टा ठीक आहे ना, म्हणून एकदा तिने तो स्वतःला बांधून पाहिला, तर बाबा बोलू लागताच आकडा भराभरा चढला. चढणारच, भाऊ तिचाही होता.

आता एकच गोष्ट उरली होती.

"तलावावर नोको," मंगरू म्हणाला.

"काहून?"

"काही नाही तिथं आता. नवं लोखंडी गेट बसलं म्हणते दुसरीकडं."

"बाबा, घरात विझलेली भीती त्या जागी पुन्हा पेटते. एकदा तिथं हात घाला, काही होत नाही हे बघा, म्हणजे सुटाल. तुम्हाले असं कुढताना टाकून मी परत कशी जाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यापुढे मंगरूचं कधीच काही चाललं नव्हतं.

ते दिघोरीला पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. जुनं तुडूम गवतात तसंच होतं, कोरडं, वर दगडी खाच. जवळच कवडू नावाचा म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. मंगरू बांधावरच थांबला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

"घाबरू नका, मी आहे ना," हर्षा म्हणाली. "घाला हात."

मंगरू खाचेवर वाकला. बोटं आत गेली आणि तळवा अडकला. त्याने जोर लावला.

"नाही जात भाऊ त्याच्यात मोठ्या माणसाचा हात," कवडू जाळ्यातून मान वर काढून हसला. "पयलेपासून लेकराचाच हात लागे. ज्याच्या घरची पाळी, त्याचं लहान लेकरू डाट काढे."

हर्षाने उजवा हात छातीशी धरला. तो खांद्यापर्यंत गार पडला होता आणि कोरडी बाही तिला ओली लागत होती.

मंगरू अजून हात रेटत होता. बोटांची सालं निघाली, दगडाला रक्त लागलं.

"जाते, जाते," तो म्हणाला. "तू पाहू नोको माय. तवा जात होता माहा हात."