नजर खाली

भाऊसाहेबांनी मोठ्या हौसेने विकत घेतलेलं चित्र दिवाणखान्यात लागलं होतं: नजर झुकवलेली सिद्दी बाई. पाहुणे ते काढणाऱ्या हलीमाचं कौतुक करत होते. तेवढ्यात चहा देणारी मोलकरीण मान वर करून चित्र पाहू लागली, तसे भाऊसाहेब खेकसले, "नजर खाली!"

चित्रातल्या बाईने डोळे उचलले आणि त्यांच्यावर रोखले.

हलीमा मनातून सुखावली. चित्रातल्या डोळ्यांचा रंग जिवंत होता, शिकवलेल्या शब्दांवर हलणारा; त्याला तिने वर्षभर हेच दोन शब्द शिकवले होते, भाऊसाहेबांच्याच आवाजाची नक्कल करून.

"हा रंग एकदाच हलतो," ती म्हणाली. "आता हे डोळे खाली जायचे नाहीत."

"पण ही आहे तरी कोण?" एका पाहुणीने विचारलं.

"माझी आई. बावीस वर्षं याच घरात राबली. नाव भाऊसाहेबच सांगतील."

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. 'हबशीण' याखेरीज त्यांना काहीच आठवेना.