मोज्यातलं घड्याळ

‘घड्याळ चालतंय का? एवढंच कळव.’

थोरल्या भावाच्या पत्रात एवढ्याच दोन ओळी होत्या, आणि चार वर्षांत मात्र्यांनी त्यांना उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र आत्ता आठवायला कारण होतं. तेच घड्याळ निळ्या लोकरी मोज्यातून अर्धं बाहेर डोकावत समोरच्या टेबलावर पडलं होतं.

विमानतळावरच्या तपासणीत त्यांची पिशवी बाजूला काढली होती. गणवेशातल्या बाईंनी आधी पुस्तकं काढली, मग औषधांचा डबा, मग बुटांचा जोड आणि उजव्या बुटातून हा मोजा.

“कोणाचं आहे हे?”

“भावाचं,” मात्रे म्हणाले. “म्हणजे... माझंच.”

“नक्की ठरवा, काका.”

“त्याचं वेगळं तिकीट काढा म्हटलं होतं मी,” मागून त्यांची बायको म्हणाली. “टॅक्सीत मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की पिशवी वर उचलायचे. माझं डोकं टपाला आपटलं, त्याचं काही नाही.”

मात्रे हे त्यांचं आडनाव नव्हे. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासताना त्यांनी कधी एक मात्रा सुटू दिली नाही, म्हणून पडलेलं ते नाव. स्वभावाने भित्रा माणूस. आयुष्यात कोणाला टोचून बोलले ते एकदाच. आई गेली तेव्हा बोटीवर इंजिनियर असलेला दादा तिसऱ्या दिवशी घरी पोहोचला. मात्रे दारातच त्याला म्हणाले होते, “एवढं भारी घड्याळ घालून काय उपयोग, यायची वेळ कळत नसेल तर?”

एका छोट्या मोटारीच्या किमतीचं, वीस वर्षं हातात असलेलं ते घड्याळ दादाने काढलं आणि टेबलावर ठेवलं. “तू घाल,” म्हणाला. संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

मात्र्यांनी ते घातलं नाही. आपल्या हाताला ते शोभेल असं त्यांना वाटेना. शिवाय भीती. बसच्या दांड्याला घासेल, नळाखाली भिजेल, कोणी ओढून नेईल. त्यांनी ते मलमलीत गुंडाळलं, औषधाच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या भोवती ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. बाहेर जाताना मनगटावर नेहमीचं प्लास्टिकच्या पट्ट्याचं. आता दोन महिने दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायचं, घर रिकामं, म्हणून ते मोज्यात आलं होतं.

“बंद आहे ते,” मात्रे हळूच म्हणाले.

“बंद?” बायको पुढे आली. “कधीपासून?”

“दादा ते ठेवून परत गेला, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून.”

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. घड्याळाच्या दुकानापर्यंत ते दोनदा गेले होते आणि पायरीवरूनच परतले होते. तुम्हीच बिघडवलंत, असं दुकानदार म्हणाला तर? आणि मग दादाला काय कळवायचं? उत्तराचे किती मसुदे त्यांनी लिहिले. प्रत्येकात चूक सापडली. शेवटी पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक कोरं कार्ड तेवढं उरलं, आणि ते पुस्तकात खूण म्हणून फिरत राहिलं.

बाईंनी घड्याळ मोज्यातून काढून तळहातावर घेतलं आणि आठ-दहा वेळा सरळ हलवलं. मात्र्यांनी खाली ओंजळ धरली.

“बघा,” बाई म्हणाल्या.

सेकंदकाटा फिरत होता.

“माझ्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, काका. याला सेल नसतो. हात हलतो, त्यावर हे चालतं. काढून ठेवलं की दोन दिवसांत थांबतं.”

“म्हणजे बिघडलं नव्हतं?”

“जपून जपून तुम्हीच झोपवलंत त्याला. हातात घाला आता. प्रवासात जातात ती बॅगेतली घड्याळं. मनगटावरचं कोण काढून नेतंय?”

मात्रे उभेच राहिले. दादाने हे घड्याळ वीस वर्षं वापरलं होतं. ते कशावर चालतं, हे त्याला ठाऊक होतं. चार वर्षं त्या दोन ओळी त्यांनी अक्षर न् अक्षर तपासल्या होत्या. दादा घड्याळाची चौकशी करत नव्हता.

“अहो, रांग थांबलीय,” बायको म्हणाली. यावेळी आवाज मऊ होता.

आतल्या खुर्चीवर बसून त्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्याचं घड्याळ उतरवून बायकोकडे दिलं, तिला वेळ विचारली आणि काटे लावले. दादाचं मनगट जाड. पोलादी पट्टा मात्र्यांच्या हातावर पार कोपराकडे घसरला. त्यांनी पुस्तकातलं कार्ड काढलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. प्रत्येक शब्दाला घड्याळ परत खाली घसरून पेनावर आपटत होतं. आपटू दिलं.

‘दादा, चालतंय. हातात आहे. पट्टा सैल होतो, दोन कड्या काढायला हव्यात. तू आलास की काढू. उशीर झाला तरी चालेल.’

विमानातून उतरल्यावर मुलगी भेटायच्याही आधी त्यांना पत्रपेटी दिसली. बायको सामान घेऊन थांबली. मात्र्यांनी कार्ड पेटीत टाकलं, परत एकदा वाचून न बघता.