तिसरी ओळ

धाकूने स्क्रीनवर बोट टेकवून ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"बाई, हितं दोन असायच्या. आज तीन कशा?"

उत्तराने लगेच मान वर केली नाही. मुलुंडच्या त्या रंगाच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि ती एकटी प्रोग्रामर. शनिवारी पहिली पाळी सुटली की कामगार एकेक करून तिच्या खोलीत येत आणि आपल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बघून जात. रक्तात शिसं किती, एवढा एकच आकडा. धाकू सतरा वर्षं पावडर खात्यात होता. उजवं मनगट आताशा लोंबायला लागलं होतं, म्हणून आपला टोकन नंबर तो डाव्या हाताने दाबायचा.

"कसल्या ओळी?" तिने उगाच विचारलं.

"ही नावं. माझी फाईल कोण कोण बघू शकतं त्यांची. एक मी, एक डॉक्टरीणबाई. युनियनने लिहून घेतलंय ना तसं."

घेतलं होतं खरंच. आदल्या वर्षी शिशाचा आकडा बघून दोघांना 'अनफिट' म्हणून घरी बसवलं, त्यावरून संप होता होता राहिला आणि करार झाला. रिपोर्ट डॉक्टरने बघायचा आणि ज्याचं रक्त त्याने, तिसऱ्याने नाही. कॉम्प्युटरला हे समजावण्याचं काम उत्तराकडे आलं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यासाठी तयार फंक्शनं होती. एकाने फाईलवरची नावांची यादी मागवायची, दुसऱ्याने तिच्यात नाव घालायचं किंवा काढायचं, तिसऱ्याने ती यादी परत फाईलला लावायची. महिनाभर मॅन्युअल उलटसुलट करून तिने ते बसवलं. कामगार तीनशे बारा, फायली तीनशे बारा, प्रत्येकीवर दोन नावं.

आज सकाळी पर्सोनेल मॅनेजर श्यामसुंदर साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते.

"सगळ्या फायलींवर माझंही नाव टाका. फक्त वाचण्यापुरतं. सोमवारी निवांत बघतो."

"लेखी द्याल, साहेब?"

"एवढ्याशा गोष्टीला?"

"कामगारांना स्क्रीनवर दिसेल तुमचं नाव."

"इंग्रजीत दिसेल. तिकडे कोण वाचतंय?"

ती वाद घालू शकली असती. चार वर्षं घालतच आली होती. एसी दुरुस्त करा म्हणून, हाताखाली एक तरी माणूस द्या म्हणून. आज तिच्यात जीवच नव्हता. तिने प्रोग्रामात एक ओळ बदलली, तो चालू केला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत सगळ्या फायली झाल्या होत्या.

"तिसरं नाव कोणाचं, बाई?"

"श्यामसुंदर साहेबांचं."

धाकूने बोट खाली सरकवलं. नावांखाली आकडा होता, आणि आकडे त्याला वाचता येत होते. एक्काहत्तर. गेल्या खेपेला त्रेसष्ट होता.

"बघितला त्यांनी?"

"अजून नाही. सोमवारी."

उत्तराने खुर्ची पुढे ओढली. "सरका जरा. तुमच्या फाईलवरून काढून टाकते त्यांना."

तिने दोन-तीन अक्षरं दाबली असतील, तोच धाकूने डावा हात कीबोर्डवर आडवा धरला.

"एकट्याची नको."

"का?"

"साहेब सोमवारी बसतील. तीनशे अकरा फायली उघडतील आणि एक उघडणार नाय. मग बोलावणं कोणाला येईल?" तो थांबत थांबत बोलत होता, दम पुरत नसल्यासारखा. "त्यापेक्षा आहे तशीच राहू दे. बाकीच्यांत मिसळून तरी राहीन."

उत्तराने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. यादी तिने लिहिली होती, फंक्शनं तिने जोडली होती, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग काय करू मी?"

"मी काय सांगू? तुम्ही शिकलेल्या."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तिला ते लागलं.

तिने सकाळचाच प्रोग्राम उघडला. नाव घालणारं फंक्शन खोडलं, त्या जागी काढणारं टाकलं. बाकी सगळं तेच ठेवलं, तीनशे बारा फायलीसुद्धा. एकदा डोळे मिटले, उघडले, आणि बटण दाबलं.

कोपऱ्यातला प्रिंटर खडखडायला लागला. भोकाभोकांचा लांब कागद हळूहळू वर सरकू लागला.

"हे काय छापतंय?" धाकूने विचारलं.

"कुठली फाईल, काय बदललं, कोणी बदललं."

"कोणाचं नाव येतंय?"

"माझं."

"आणि सकाळी? तेव्हा साहेबांचं आलं असेल."

"नाही. सकाळीपण माझंच."

धाकू त्या कागदाकडे पाहत राहिला. एकाखाली एक सारखीच अक्षरं उमटत होती. दारातून पुढच्या माणसाने आत डोकावलं, "झालं काय रे तुझं?" म्हणाला. धाकूने त्याला हातानेच थांबवलं. मग भिंतीकडचं स्टूल पायाने ओढून तो प्रिंटर आणि उत्तराच्या मध्ये बसला.

"तुम्ही घरी जा ना," ती म्हणाली. "तुमची फाईल झाली केव्हाच."

"झाली ती झाली." त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "तुम्ही जेवून घ्या, बाई. मी हाय हितं."