मानाची घोडी

घोडीच्या गळ्यात दोर पडला, तेव्हा कुबात पुढे झाला. म्हणाला, "सोडा तिला. बाबांनी सांगून ठेवलंय. माझ्या मयताला कोंबडीसुद्धा कापायची नाही."

बाप आत तंबूत निजवलेला. अंगणात सुरी परजून गाव बसलेलं. गावातले सगळ्यात वडील सात्कायआबा. त्यांनी काठी आपटली. "बापाला जेवणावळीशिवाय कोरडा पुरणार? उद्या आम्हाला कुठल्या तोंडानं भेटशील रे?"

कोरडा पुरला तर पुरला. कुबातच्या बापानं, एसेनबेक गुरुजींनी, जन्मभर दुसरं सांगितलंच काय होतं? म्हणायचे, अमका देश धर्मामुळे वर आला, तमका संस्कृतीमुळे, असं मोठी माणसं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण आपण कशानं खाली बसलो ते मला इथं खाटेवरून दिसतंय. बाप मेला, काप घोडा. लेक दिली, काप घोडा. आणि मग कर्ज फेडायला मॉस्कोला जाऊन परक्यांचे जिने पुसा. लोक माना डोलवायचे. पुढच्याच आठवड्यात कुणाच्या तरी घोड्यावर ताव मारायचे. आमचं गाव असंच आहे. पटतं सगळं, वळत काही नाही.

कुबातनं मॉस्कोचे जिने कितीतरी वर्षं पुसले होते. त्यातून ही काळी घोडी आली. तिच्या दुधाचा आंबट कुमिस बायको, बुरुल, खिंडीच्या रस्त्यावर बसून विकायची. त्यावर घर चालायचं. घोडी दारात होती म्हणून नवरा घरात होता.

मुल्ला इलियास चाचरत म्हणाला, "आबा, धर्मात तर मयताच्या घरी जेवूच नये असं आहे. उलट शेजाऱ्यांनी त्यांच्या तोंडी घास द्यावा."

"तू कालपरवा शिकून आलास," आबा म्हणाले. "घोडा त्याच्या आधीपासून आहे."

तरी कुबातनं दोर काढला. गावानं गुरुजींना माती दिली आणि कोरड्या तोंडानं आपापल्या घरी गेलं.

त्यानंतरचं वर्ष वैऱ्यालाही येऊ नये. लग्नाकार्यात कुबातला दाराशी बसवायचे, पोरासोरांच्या खाली. मानाचं हाड त्याच्या पुढून दुसऱ्याकडे जायचं. बुरुलच्या बाटल्यांपाशी उभं राहून बायका विचारायच्या, "काय गं, सासऱ्याच्या वाटचं दूध का हे?" ती हसायची आणि बाटली पुढे करायची. शिंगरू झालं, दूध वाढलं. कुबातनं मॉस्कोचं नाव काढलं नाही.

मग वरून निरोप आला. उधळपट्टी बंद करा असा सरकारचा हुकूम निघाला होता, आणि तालुक्याचे सगळ्यात मोठे साहेब, आकीम, खुद्द येऊन घोडी न कापणाऱ्या कुबातच्या अंगावर मानाचा झगा घालणार होते. गाव एका दुपारीत फिरलं. सात्कायआबा सांगत सुटले, "पोरगं धाडसी, हे मी तेव्हाच ओळखलं होतं." त्या संध्याकाळी त्यांनी कुबातला घरी बोलावलं आणि दारापासून सगळ्यात लांब, स्वतःच्या शेजारी बसवलं. खोटं कशाला बोलू, कुबातच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथंच आकीमांच्या जेवणाचा विषय निघाला. कुबात म्हणाला, मेंढा कापू.

"आकीमांना मेंढा?" आबा म्हणाले. "अरे, लोक काय म्हणतील? गुरुजींनी मयताचं जेवण नको म्हटलं होतं. दारी आलेल्या पाहुण्याला मेंढ्यावर कटव, असं म्हटलं होतं का?"

घोडीच कापायची ठरली. आमच्याकडे अशा प्रश्नाला उत्तर नसतंच.

घरी बुरुल म्हणाली, "शिंगरू अजून पितंय हो तिला. तुम्ही नाही म्हणून सांगा. एकदा सांगितलं होतंत ना?"

"तेव्हा बाबांचा शब्द होता," कुबात म्हणाला.

"आणि आता?"

वर्षभर दाराशी बसून माणूस आतून झिजतो, हे तिलाही कळत होतं. ती रडली, पण अडवलं नाही. सकाळी सगळ्यांनी हात पसरून दुआ मागितली. दोर कुबातनंच धरला होता.

आकीम आले ते तीन गाड्या भरून. आधी भाषण झालं. देश गरीब असतो तो जमिनीमुळे नाही, वाईट चालीरीतींमुळे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग कुबातच्या अंगावर झगा चढला, डोक्यावर नवी टोपी आली, आणि सगळे पानावर बसले. शिंगरू मागच्या बाजूला ओरडत होतं, म्हणून कुणीतरी त्याला लांब नेऊन बांधलं.

"वा," आकीम बोटं चाटत म्हणाले. "मांस कसं कोवळं आहे. कुबात, आज वडील असते तर धन्य झाले असते. आता बोल, तुझ्यासाठी काय करू? संकोच करू नको."

सगळं गाव कुबातकडे बघत होतं. सात्कायआबांनी त्याला कोपरानं ढोसलं, माग काहीतरी मोठं.

कुबातनं झग्याच्या बाह्या सावरल्या.

"साहेब, परत जाताना गाडीत एक जागा होईल का? राजधानीपर्यंत सोडलंत तरी चालेल. तिथून मॉस्कोची बस सुटते."