अण्णांच्या वाट्याचं यकृत

केतकीनं आपलं अर्धं यकृत दिलं, म्हणून तिचे वडील, तिला डोंगर चढायला शिकवणारे भास्करअण्णा, यकृताच्या कर्करोगातून वाचले होते. आज सिस्टर दोघांची इंजेक्शनं घेऊन आली. पेशीच्या केंद्रकातलं एकच प्रथिन यकृतही वाढवायचं आणि कर्करोगही. केतकीचं ते जागवायचं होतं, अण्णांचं कायमचं झोपवायचं.

“पण मग तुमचा तुकडा एवढासाच राहील, अण्णा. चढायची ताकद येणार नाही, डोंगर सुटतील,” केतकी म्हणाली.

“सुटू देत. तू दिलेल्या यकृतात मला रोग वाढू द्यायचा नाही.”

वर्षभरात केतकीचं यकृत पूर्ण भरलं. अण्णांचं छोटंच राहिलं, पण स्वच्छ. त्या रविवारी ती एकटीच गड चढली. अण्णा दोघांचा डबा घेऊन पायथ्याशी बसले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत “दम राखून चढ” असं सांगत राहिले.