अमावास्येचं पान

“मी जेवून आले,” हिरकणीबाई म्हणाल्या आणि समोरचं ताट त्यांनी हलकेच सुनेकडे सरकवलं.

सलग नववा दिवस. सोनलने ताटातली अर्धी भाकरी उचलून पुन्हा टोपलीत टाकली. कुठे जेवलात, हे तिने आजवर विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आग्रह करावा लागला असता, आणि आग्रह केला असता तर वाढावं लागलं असतं.

नवऱ्याच्या, हितेशच्या, कारखान्यात आठवड्याला तीनच पाळ्या उरल्या, तेव्हापासून सोनलने घरखर्चाला कात्री लावली होती. आधी टीव्ही बंद झाला, मग डहाणूच्या बाजाराला जाताना रिक्षा. दूध निम्म्यावर आलं. गॅस फक्त सकाळच्या चहाला. बाकी स्वयंपाक चुलीवर, घरामागच्या वाडीतल्या चिकूच्या वाळक्या फांद्यांवर. ताजी मासळी तर विसराच, सुका बोंबीलसुद्धा मोजून. एका गोष्टीला मात्र तिने हात लावला नव्हता. सात वर्षांच्या दिशाचं ताट. पोरीला काही कमी पडू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट होता, आणि बाकी सगळी ओढाताण त्या हट्टापायीच चालली होती.

त्यातच अमावास्येचं पान बंद झालं. सासरे, हरिश्चंद्र, जाऊन अकरा वर्षं झाली होती. दर अमावास्येला हिरकणीबाई विहिरीपलीकडच्या चिकूखाली केळीच्या पानावर त्यांचं जेवण वाढत. भात, वडे, खीर आणि त्यांच्या आवडीचं कोलंबीचं कालवण. कावळा शिवला की मग घरचे जेवायला बसत. त्या पानावरचं एक शीतही घरातल्या कुणी तोंडात घालायचं नाही, त्या पंक्तीला बसलेलं माणूस इकडे फार दिवस राहत नाही, असं म्हातारीच बजावून सांगायची.

“आई, कावळ्यांच्या पंगती उठवायची ऐपत आता आपली नाही,” सोनलने चार महिन्यांपूर्वी सांगून टाकलं. म्हातारीने हूं की चूं केलं नाही. तिच्या ताटातल्या दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली, तरी बोलली नाही. आणि मग एक दिवस दुपारी वाडीतून येऊन म्हणाली, जेवून आले.

शेजारच्या निर्मलाकडे जात असतील, असं सोनलने मनाशी ठरवून टाकलं. तिला लाज वाटली. पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. नवल एवढंच, की म्हातारी वाळत नव्हती. उलट गालांवर मांस चढलं होतं.

आज ताट सरकवताना मात्र सासूच्या हाताचा वास आला. कोलंबीच्या कालवणाचा. घरात चार महिन्यांत कोलंबी आली नव्हती, आणि निर्मलाकडे मासे शिजतच नसत.

“आई, जेवता कुठे तुम्ही?”

“ह्यांच्याकडे,” हिरकणीबाई सहज म्हणाल्या. “विहिरीपलीकडे पान मांडतात. इतकी वर्षं मी वाढलं, आता ते वाढतात. मला उपाशी ठेवतील होय?”

सोनल ताट तिथेच टाकून उठली. तशीच ती मागच्या दाराने वाडीत गेली. भर दुपार होती, तरी एक पाखरू बोलत नव्हतं. चिकूखालची जमीन कुणीतरी नुकतीच सारवली होती. तिच्यावर केळीचं हिरवंगार पान होतं, चाटूनपुसून जेवलेलं. बाजूला चार शितं सांडली होती. मुंगी मात्र एकही नव्हती.

दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. सोनलने कशाचाही विचार केला नाही. रिक्षा करून बाजारात गेली, ताजी कोलंबी आणली, पूर्ण दुधाची खीर केली, गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटवून वडे तळले. पान चिकूखाली ठेवून तिने हात जोडले. “मामा, माझं चुकलं. आईंना परत घरी जेवू द्या. मी कधी काही कमी करणार नाही.”

कावळा आला. विहिरीच्या कठड्यावर बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहत राहिला. अर्धा तास गेला. सोनल रडकुंडीला येऊन विनवत होती. कावळा उडाला तो पानाच्या उलट दिशेला, आणि मग फिरकलाच नाही.

ती घरात आली. काही झालं तरी आज लेकीने पोटभर जेवावं, एवढंच तिला सुचत होतं. तिने दिशाचं ताट वाढलं. काठोकाठ कालवण, चार वडे, वाटीभर खीर.

“दिशा! ये गं, कोलंबी केलीय.”

मागच्या दारातून दिशा आली. तिच्यामागे हिरकणीबाई होत्या, पदराने नातीचं तोंड पुसत. दिशाने ताटाकडे पाहिलंही नाही. ती आईच्या गळ्यात पडली आणि मोठ्या शहाण्यासारखं म्हणाली,

“आजी म्हणाली, आम्ही दोघी तिकडेच जेवलो ना मम्मी, की तुझं सगळं भागेल.”