चौथ्या मजल्यावरची मैत्रीण

सांगितलं तर कोणाला पटायचं नाही, पण त्या संध्याकाळी सर्वेअरसाहेब खुर्चीत बसल्या बसल्या टेकडी चढत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गार झालेला चहा आणि तोंडाने धापा. धापासुद्धा अशा, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा.

"आलो... वर... पोचलो एकदाचा," ते म्हणाले.

"वा!" पलीकडून मुलगी म्हणाली. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. "टेकवा आता बाकावर. आणि हो, सांगायचं राहिलंच. माझी एक मैत्रीण तिथे राहायला आलीये. टेकडीसमोरची पिवळी इमारत आहे ना, तिच्या चौथ्या मजल्यावर. खिडकीतून बाक सरळ दिसतो म्हणे. आता तुम्ही रोज दिसाल तिला."

धापा बंद पडल्या.

साहेब विमा कंपनीत सर्वेअर होते. जळालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या, भिजलेला माल बघत जन्म गेला. गावोगाव फिरले, स्वतःच्या गावात फक्त झोपायला यायचे. बायको गेली तेव्हा ते कामावर होते. काम गेलं तेव्हा घरी होते. फरक एवढाच. मग खुर्चीत बसले ते बसले. पेपर उघडायचा, मिटायचा. दुःख म्हणावं तर तसंही नव्हतं. पाय समोर पडलेले असत, दुसरं कोणीतरी विसरून गेल्यासारखे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला, नाहीतर उद्या उभं राहायलाही माणूस लागेल. मुलीने त्याहून सोपं करून सांगितलं होतं, "चालणार नसाल तर मी टेम्पो घेऊन येते. घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्या हॉलमधल्या दिवाणावर." आणि दिवाणावर गेलेला माणूस पुन्हा आपल्या घरी आल्याचं साहेबांनी एकाही मित्राच्या बाबतीत पाहिलं नव्हतं.

म्हणून थापा. आधी साध्यासुध्या. मग टेकडीवर कुत्रा मागे लागला आणि कुत्राच दमून बसला. शर्यतीची तयारी करणारी पोरं वळणावर मागे पडली. एका रिटायर्ड जज्जला तर साहेबांनी पटाकडे पाठ करून बुद्धिबळात हरवलं. मुलगी प्रत्येक थापेला "वा!" म्हणायची. ऐकायला कान असेपर्यंत थापेचं बरं चालतं. बघायला डोळे आले की पंचाईत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब नाइलाजाने टेकडीवर गेले. वाटेत दोनदा बसले, एकदा तर भिंतीला धरून उभे राहिले. बाकावर पोचल्यावर पिवळ्या इमारतीकडे बघून हात हलवला आणि घरी आले. काही वाटलं नाही. हजेरी लावायची होती, लावली.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "दिसलात म्हणे. पण किती वाकून चालता!"

मग ते ताठ चालले. पुढे एकदा निरोप आला, "लगेच उठून गेलात म्हणे." मग ते जास्त बसले. नुसतं बसून करायचं काय, म्हणून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांना पडलेले पोचे बघत राहिले. हा फाटकाला घासलाय, हा मागून ठोकलाय, हा बायकोपासून लपवलेला आहे. फोनवर थापा मात्र चालूच होत्या. गेलो, बसलो, आलो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "पांढरा शर्ट छान दिसत होता म्हणे."

साहेबांनी अंगातल्या करड्या स्वेटरकडे पाहिलं. सकाळपासून तोच होता. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आधी जागा बघायची, मग तोंड उघडायचं, ही जन्माची सवय.

दुसऱ्या दिवशी ते बाकाकडे वळलेच नाहीत. सरळ पिवळ्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

"वर कोण राहतं हो?"

"पोती," वॉचमन म्हणाला. "गोदाम आहे साहेब, माणूस कोण राहणार?"

दुसरा कोणी तिथूनच मागे फिरला असता. पण ऐकीव माहितीवर साहेबांनी नोकरीत एकदाही सही केली नव्हती. ते जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर धाप लागली, खरी, आणि ऐकायला फोनवर कोणी नाही. तिसऱ्यावर गुडघ्यातून कळ गेली. ते कठड्याला धरून थांबले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखत होतं. नक्की दुखतंय ना, म्हणून त्यांनी पाय पुन्हा वाकवून पाहिला. मग वर गेले.

वर छतापर्यंत पोती होती. टेकडीकडच्या खिडक्या आतून विटांनी बुजवलेल्या. साहेबांनी वीट न् वीट चाचपून पाहिली.

संध्याकाळी फोन आला.

"मैत्रीण म्हणत होती, आज बाबा बाकावर अगदी मजेत बसले होते."

"चौथ्या मजल्यावरची?"

"तीच हो."

"खोटं," साहेब म्हणाले. "कोणी राहत नाही तिथे. खिडक्या विटांनी बुजवल्यात. मी स्वतः वर जाऊन, हात लावून आलोय."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "त्या गोदामाला लिफ्ट नाहीये."